बेळगुंदीचा दत्तू आणि उत्तरेकडच्या भिंती

यंदा मे महिन्यात आमच्या ग्रुपचं केदारनाथला जायचं ठरलं होतं. तिकिटं काढून झाली होती, बूट घेऊन झाले होते. निघायच्या अकरा दिवस आधी मी चिकोडीला घरी आले आणि न्हाणीघराच्या ओल्या पायरीवरून घसरले. घोट्यापाशी हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पाय खाली टेकायचा नाही. बाकीचे सगळे गेले आणि मी सोप्यातल्या खाटेवर पडून त्यांचे फोटो बघत बसले. पाचव्या दिवशी फोन बंद करून उशीखाली सारला.

वाङ्मय मंडळाच्या या अंकासाठी एका दिवंगत साहित्यिकाचं चरित्र लिहायचं काम मी त्याआधीच अंगावर घेतलं होतं. नाव सुचवलं होतं काकासाहेब कालेलकरांचं, आणि त्यात थोडा स्वार्थ होता. ते आमच्या बेळगाव भागातले, आणि हिमालय पायी हिंडलेले. आपण तिकडं जाऊन येऊ, त्यांच्या वाटेवरचे चार फोटो लावू, लेख आपोआप होईल, असा माझा हिशेब. तो साफ चुकला. आण्णांनी मात्र काकासाहेबांची मिळतील तेवढी पुस्तकं आणून उशाशी ठेवली, काही मराठीतली, काही हिंदीतली. पडल्या पडल्या वाचत गेले तसं ध्यानात आलं, की हिंडणाऱ्या काकासाहेबांपेक्षा एका जागी बसवून ठेवलेले काकासाहेबच मला जास्त भेटताहेत.

पूर्ण नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. जन्म साताऱ्याचा, १ डिसेंबर १८८५. घराणं मूळचं सावंतवाडीकडच्या कालेलीचं म्हणून आडनाव कालेलकर. पण गाव म्हणून त्यांच्या मनात कायम राहिलं ते बेळगावच्या पश्चिमेचं बेळगुंदी. घरात त्यांना दत्तू म्हणत, आणि भावंडांत ते शेंडेफळ. वडील सरकारी हिशेबखात्यात. बदली झाली की बिऱ्हाड उचलायचं. सातारा सुटलं, कारवार आलं. पुढं वडिलांना संस्थानांच्या कामावर पाठवू लागले, तशी जत, सावनूर, रामदुर्ग, मुधोळ अशी गावं होत गेली. शाळा कधी धड सलग झाली नाही. मुधोळ, रामदुर्ग ही नावं मी लहानपणापासून बसच्या पाट्यांवर वाचत आले. तिथून कुणाच्या जन्मभराच्या भटकंतीला सुरुवात झाली असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

या बालपणावर त्यांनी 'स्मरणयात्रा' लिहिली. मी त्यात मोठमोठ्या घटना शोधत होते. त्या फारशा नाहीत. आहे ते घर आहे. भावाभावांतली भांडणं, सणवार, जनावरं, आईवडिलांचे स्वभाव, एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना दिसलेलं सगळं. साताऱ्याहून कारवारला जाताना मुरगावला पहिल्यांदा समुद्र दिसला. तो पाहताना त्या पोराचं जे झालं असेल, तेच पुढं सत्तर-ऐंशी वर्षं त्यांचं होत राहिलं असं मला वाटतं. नवीन काही दिसलं की हरखून जायचं. आणि नवीन नसलं, रोजचंच असलं, तरी हरखूनच जायचं. हे दुसरं जास्त अवघड आहे.

बेळगुंदीची नदी मार्कंडी. नकाशात बोटानं शोधावी लागते एवढी लहान. बैजनाथच्या डोंगराकडून येते, बेळगावच्या पश्चिम आणि उत्तर भागातल्या शिवारांतून जाते, पुढं गोडचिनमलकीला धबधबा होऊन कोसळते आणि गोकाकच्या भागात घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला. आमच्या शाळेची सहल गोकाकला गेली होती तेव्हा आम्ही तो मोठा धबधबा आणि झुलता पूल बघितला, भडंग खाल्लं आणि परत आलो. त्या पाण्यात बेळगुंदीचं पाणी येऊन मिळतं हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. काकासाहेबांनी देशभरातल्या नद्यांवर 'लोकमाता' लिहिलं. त्यात गंगा आहे, कृष्णा आहे, आणि त्यांच्या पंगतीला ही मार्कंडीही पाट मांडून बसवलेली आहे. ज्यानं गंगोत्री पाहिली त्याला मार्कंडीचं अप्रूप उरायला नको होतं. पण त्यांच्या लेखी ती थोरली आणि ही धाकटी असा भेद दिसत नाही. यमाच्या हातून सुटलेल्या मार्कंडेयाची गोष्ट लहानपणी ऐकलेली, ती या नदीच्या नावाशी जोडली गेली, आणि मग नदी घरातलीच होऊन बसली.

मधला भाग भराभर सांगते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ साली तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाले. बेळगावच्या गणेश विद्यालयात शिकवलं, मुंबईला 'राष्ट्रमत' दैनिकात काम केलं, तिथून बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. त्या शाळेत शिक्षकांना घरातल्या नात्यांनी हाक मारायची पद्धत होती. कुणी मामा, कुणी आण्णा. हे काका झाले. वयाची तिशीही झाली नव्हती, पण ते नाव असं चिकटलं की दत्तू मागं पडला. राष्ट्रीय विचाराची शाळा, त्यामुळं सरकारचा डोळा होताच. ती बंद पडली, आणि १९१२ साली काका हिमालयाकडं निघाले. बरोबर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. गंगोत्री, जमनोत्री, केदार, बद्री, सगळं पायी. आज आमचा ग्रुप गौरीकुंडापर्यंत गाडीनं गेला आणि तिथून चालताना निम्म्यांनी घोडी केली, हे मी थोड्या जळाऊपणानंच इथं लिहून ठेवते.

पण मला अडखळायला झालं ते इथंच. काकांचं तेव्हा लग्न झालेलं होतं. पत्नी लक्ष्मीबाई. त्यांना आणि घराला मागं ठेवून हा माणूस हिमालयात गेला, परत येईल की नाही याची खात्री नसताना. त्या काळी मुक्तीच्या ओढीनं घर सोडणं मोठं मानत, हे मला कळतं. तरीही वाचताना मी पुस्तक छातीवर पालथं टाकलं आणि आईकडं बघत राहिले. ती आज्जीला औषध देत होती, मग माझा पाय उशीवर नीट ठेवून दूध उतू जायच्या आत चुलीकडं पळाली. आईनं चिकोडीच्या बाहेर स्वतःच्या हौसेनं पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. लग्नं, बारशी, दवाखाने, आणि माहेर. एकदा जोतिबा. तिलाही कुठं जावंसं वाटत असेल का, हे मी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत विचारलं नव्हतं. 'हिमालयातील प्रवास' हे फार सुंदर पुस्तक आहे यात वाद नाही. पण लक्ष्मीबाईंच्या त्या वर्षांचं पुस्तक कुणी लिहिलं नाही.

हिमालयातून ते परत आले हे खरं. मग शांतिनिकेतन. तिथं १९१५ साली गांधीजी भेटले आणि पुढचं आयुष्य ठरून गेलं. कुटुंबही अहमदाबादच्या आश्रमात आलं. लक्ष्मीबाई तिथं सगळ्यांच्या काकी झाल्या. काकांनी गुजराती आत्मसात केली, आणि अशी केली की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ठरवलं. हिमालयाचा प्रवासही आधी गुजरातीतच लिहिला गेला, आश्रमातल्या मुलांच्या हस्तलिखितासाठी, आणि पुस्तक होऊन १९२४ मध्ये आला. म्हणजे पाय चालले १९१२ ला आणि प्रवास कागदावर उतरला तो साबरमतीच्या काठी घरी बसल्यावर. पुढं पुढं तर ते सांगायचे आणि दुसरं कुणीतरी उतरवून घ्यायचं. सीमाभागातल्या आम्हा मुलांना कुठल्या भाषेत शिकलीस, घरी काय बोलता, हे प्रश्न जन्मभर विचारले जातात. मराठी घरातला हा मुलगा कन्नड मुलखात वाढला आणि गुजरातीतला नामवंत निबंधकार झाला, तरी मराठी सुटली नाही. मला यात फार दिलासा वाटतो. एवढंच, जास्त काही नाही.

गांधीजी तुरुंगात असताना 'नवजीवन'चं काम काकांकडं आलं. त्यातल्या लिखाणाबद्दल १९२३ साली त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली आणि साबरमतीच्या तुरुंगात ठेवलं. गंगोत्रीपर्यंत पायी गेलेला माणूस आणि त्याच्यासमोर एक भिंत. त्या वर्षावरचं पुस्तक म्हणजे 'ओतराती दीवालो', उत्तरेकडच्या भिंती. १९२५ साली गुजरातीत निघालं. मी हिंदीतून वाचलं. नाव वाचून मला वाटलं छळाची कहाणी असेल. तर आत मुंग्या आहेत, कावळे आहेत, खारी आहेत, मांजरं आहेत. मुंग्यांची रांग कुठून येते, कुठं जाते, यात हा माणूस आपल्या प्रवासाइतकाच रस घेतो. खारीची आणि त्याची ओळख होते. कावळ्यांचे स्वभाव त्याला कळू लागतात. तुरुंगाविषयी तक्रार जवळजवळ नाहीच. कुणी म्हणेल, हे जरा जास्तच गोड झालं. मलाही आधी तसंच वाटलं. बाहेर एवढी चळवळ चाललेली आणि हा बाबा खारी बघतोय. पण बंद खोलीत सहा आठवडे काढल्यावर माझं मत बदललं. ज्याला बाहेर फिरायची इतकी ओढ, त्याला कोंडलं की तो एकतर कुढत बसतो किंवा जेवढं दिसतं तेवढ्यात फिरायला लागतो. पहिलं मी करून बघितलं होतं.

मग मीही दुसरं करून बघितलं, प्रामाणिकपणे सांगते. खाट खिडकीशी ओढून घेतली. परड्यात शेवगा आहे, कर्दळ आहे, धुणं धुवायचा दगड आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत कंटाळा आला. मुंग्या म्हणजे मुंग्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं की धुण्याच्या दगडाच्या भेगेत साचलेल्या पाण्यावर बुलबुलाची जोडी रोज येते, आणि ती आई धुणं वाळत घालून वळली की लगेच येते, आधी नाही. आईला सांगितलं तर तिला ते कधीचंच माहीत होतं. ती त्यांच्यासाठी म्हणून शेवटचा तांब्या मुद्दाम त्या भेगेत ओतते. बंबात लाकूड घालताना कुठल्या लाकडाचा धूर गोड येतो, पहिल्या पावसाआधी वारा कुठल्या बाजूनं फिरतो, बाजारात कोण बाई कुठल्या गावाहून वांगी आणते, हे सगळं तिला पाठ. घरात बसून राहिलेल्या माणसाला काही दिसत नाही, असं मी कशावरून धरून चालले होते कोण जाणे.

१९२९ साली काकी गेल्या. पुढच्याच वर्षी दांडीयात्रा निघाली, तिच्यात सतीश आणि बाळ हे दोन्ही मुलगे चालले. आणि काका १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबतीला होते. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. पिंजणाच्या तातीला घासायला कडुलिंबाची चार पानं लागत. काका आख्खी डहाळी तोडून आणायचे. निसर्गावर एवढं प्रेम करणारा माणूस, पण गांधीजींनी त्यांना थांबवलं. चार पानं लागतात तर चारच तोडावीत, आणि तीही झाडाची क्षमा मागून, असा त्यांचा आग्रह. दातणाचंही तसंच. वापरलेलं टोक कापून तीच काडी दिवसेंदिवस चालवायची, आवारात कडुलिंब कितीही असला तरी. काकांनी ही फजिती स्वतःच लिहून ठेवलीय. झाड पाहून आनंदणं वेगळं आणि झाडाला आपल्यासारखा जीव आहे हे धरून वागणं वेगळं, हे त्यांना तिथं लागलं असणार. उलट दिशेनंही काही गेलं. आकाशातले तारे ओळखणं ही काकांची जुनी हौस. गांधीजींना ती गोडी पुढं १९३२ मध्ये लागली आणि तुरुंगात दुर्बिणीही आल्या.

त्यानंतरच्या चळवळीत त्यांना ठेवलं ते बेळगावच्या हिंडलग्याच्या तुरुंगात. हे वाचून मी उठूनच बसले. हिंडलगा ते बेळगुंदी अंतर किती, तर आमच्याकडं लोक सायकलवरून करतील एवढं. मार्कंडी त्याच हिंडलगा-आंबेवाडीच्या शिवारातून पुढं काकतीकडं जाते. सगळा देश हिंडून, दुसऱ्या प्रांताचा होऊन, माणूस कैदी म्हणून परत आला तो स्वतःच्या नदीच्या शेजारी. तिथल्या दिवसांतून आलेल्या मराठी पुस्तकाला त्यांनी नाव दिलं 'हिंडलग्याचा प्रसाद'. तुरुंगाला प्रसाद म्हणणारे इतरही असतील. पण बेळगुंदीच्या माणसानं हिंडलग्याला प्रसाद म्हणणं, हे आमच्या भागातल्या माणसाला जरा जास्त लागतं.

एका गोष्टीवर मात्र त्यांच्याशी माझं जमलं नाही. चिखलावर त्यांचा एक निबंध आहे; हिंदी माध्यमाच्या मुलांना तो नववीला असायचा. चिखलाला सगळे नावं ठेवतात, पण त्याचे रंग बघा, वाळताना त्याला पडणाऱ्या भेगा बघा, त्यावर उमटलेली बगळ्यांची पावलं आणि म्हशींच्या झुंजीच्या खुणा बघा, असा त्याचा सूर. वाचायला गोड आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि दूधगंगा चढल्या तेव्हा अंकलीकडच्या माझ्या मामाच्या घरात पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर घरात जो गाळ राहिला तो आम्ही घमेल्यांनी काढला. धान्याची पोती फुगून फुटली होती, वास पंधरा दिवस जात नव्हता. त्या चिखलात मला एकही रंग दिसला नाही. म्हणून हा निबंध मी रागानं मिटला. नंतर मामाचा फोन आला तेव्हा सहज विषय काढला. मामा म्हणाला की गाळ बसला त्या साली उसाला खत कमी लागलं, आणि लहान पोरांनी त्याच गाळाचे बैल करून वाळवले होते, आठवतं का. मला आठवत नव्हतं. बैल केलेल्या पोरांत मीही होते म्हणे. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. चिखलाचं कौतुक करायला आधी घर कोरडं असावं लागतं.

काकांना स्वतःची ही हौस लोकांना समजत नाही याची जाणीव असावी. १९२७ साली गांधीजी म्हैसूर संस्थानात दौऱ्यावर होते आणि जोगचा धबधबा जवळ आला होता. काकांनी त्यांना तिकडं न्यायची खूप खटपट केली. गांधीजी नाही आले ते नाहीच. कामाच्या दौऱ्यात अशी चैन त्यांना पटत नव्हती. काका जाऊन आले. गुरूची आज्ञा एरवी शिरसावंद्य, पण धबधबा चुकवायचा नाही. इथं ते मला अगदी आपल्यातले वाटतात.

स्वातंत्र्यानंतरची कामं मोठी आहेत, पण ती कुठंही वाचायला मिळतात. १९५२ ते १९६४ राज्यसभेवर होते. मागासवर्गीयांसाठीच्या पहिल्या आयोगाचे, १९५३ ते १९५५, ते अध्यक्ष. त्या अहवालावर स्वतः अध्यक्षांनीच घेतलेल्या शंकांमुळं पुष्कळ टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. १९६४ मध्ये पद्मविभूषण, १९६५ मध्ये 'जीवन व्यवस्था' या गुजराती पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार. पूर्व आफ्रिका झाली, जपान झाला, तोही पुन्हा पुन्हा. उतारवयात कान गेले. दिल्लीत राजघाटाजवळ 'सन्निधि'त राहायचे. २१ ऑगस्ट १९८१ रोजी तिथंच, पंच्याण्णव वर्षांचे होऊन, गेले.

जूनच्या मध्यावर माझं प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं. मी आईला म्हटलं, बेळगुंदीला जाऊन येऊ. तिनं विचारलं, तिथं कोण आहे आपलं? कुणी नाही म्हटल्यावर तिला ते पटेना. कुणाकडं जायचं नाही, देवाला जायचं नाही, तर मग जायचं कशाला? शेवटी आण्णांनीच आज्जीजवळ थांबायचं कबूल केलं आणि आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं संकेश्वरमार्गे बेळगावला, तिथून दुसऱ्या बसनं बेळगुंदीला गेलो. आईनं भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून घेतली होती. मृगाचा पाऊस नुकता लागला होता. मार्कंडीला पाणी बेताचंच, तांबडं, गढूळ. रताळ्याच्या वेलांसाठी रानात सरी काढायचं काम चाललं होतं. फोटो काढावा असं तिथं काही नव्हतं.

आई काठावरच्या दगडावर बसली. पाय पाण्यात सोडले. बराच वेळ काही बोलली नाही. मग पलीकडच्या बांधाकडं बोट करून तिनं मला एक पक्षी दाखवला आणि त्याचं आमच्याकडचं नाव सांगितलं. ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. शेवटची बस साडेपाचला होती. आम्ही ती चुकवली.